डाव्या सीटचा ब्रेक

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या वैनगंगा मोटर स्पोर्ट्स क्लबाकडे घटना होती, अध्यक्ष होते, लेटरहेड होतं. गाडी नव्हती. म्हणजे होती, पण ती विवेक मेश्राम ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा तिथली होती, आणि तिला ब्रेक दोन होते. एक उजवीकडे, शिकणाऱ्याच्या पायाखाली. दुसरा डावीकडे, शिकवणाऱ्याच्या जिवासाठी. बाकी जगातले रेसिंग क्लब गाडी पळावी म्हणून डोकं झिजवतात. बालाघाटच्या गाडीत थांबायची सोय दुप्पट होती.

स्पर्धा वर्षातून एकदाच, मोतीलालसेठच्या राइस मिलच्या पटांगणात. उकडलेलं धान वाळवायचं ते सिमेंटचं पटांगण. सकाळी धान पसरलेलं असायचं, दुपारी बाया ते गोळा करून ताडपत्रीखाली ढीग करायच्या, आणि त्या ढिगांना वळसे घालत गाडी पळायची. ट्रॅक कसा असेल हे त्यामुळे क्लबाच्या हातात नव्हतं. ते तुळसाबाईच्या हातात होतं. धान गोळा करणाऱ्या बायांची ती मुकादम. ती जिथं ढीग घालेल तिथं वळण.

"मावशी, हा ढीग जरा तिकडं घ्याल का?" अध्यक्ष बंडोपंतांनी एकदा विचारलं होतं. "वळण फार तीव्र होतंय."

"काहून? धानाले तं काही त्रास नाही होऊन राह्यला," तुळसाबाई म्हणाली, आणि ढीग जिथल्या तिथं राहिला.

ढिगाला गाडी लागली तर दंड म्हणून झाडू. ड्रायव्हरनं उतरायचं आणि सांडलेलं धान दाणा दाणा गोळा करायचं. हा नियम घटनेत नव्हता, पण घटनेतल्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त पाळला जायचा.

बंडोपंत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी स्पर्धेचे दोन गट पाडले होते, हौशी आणि व्यावसायिक. जो गाडी चालवून पोट भरतो तो व्यावसायिक, बाकी सगळे हौशी. पोट भरणारा क्लबात एकटा विवेक. त्यामुळे व्यावसायिक गटात तो दरवर्षी पहिला यायचा आणि दरवर्षी शेवटचाही. बंडोपंत दोन्ही गोष्टी सारख्याच गंभीरपणे जाहीर करायचे.

एक काळ असा होता, की विवेकची वेळ खरोखरच चांगली असायची. तेव्हा डाव्या सीटवर आम्रपाली बसायची.

आम्रपाली रामटेके त्याच्याकडे गाडी शिकायला आली होती. लायसन निघालं, तरी यायची थांबली नाही. एका रविवारी सरावाला ती डावीकडे बसली आणि वळण आलं तेव्हा विवेकच्या आधी तिनंच ब्रेक दाबला. डाव्या पायानं, बरोब्बर, हवा तेवढा. त्या दिवसापासून वाटणी ठरली. स्टिअरिंग, गिअर, ॲक्सिलरेटर त्याचा, ब्रेक तिचा. विवेकचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून हलायचाच नाही, त्यामुळे वेळ वाचायचा. वळणाआधी तो तिला काही सांगायचा नाही, ती विचारायची नाही. बंडोपंतांनी घटना तीनदा वाचून पाहिली. एका गाडीत एकच ड्रायव्हर असावा असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मग कोइम्बतूरच्या एका रेसिंग टीमनं मुलींसाठी चाचणी ठेवली. आम्रपाली गेली आणि निवडली गेली. निघायच्या दिवशी विवेक बसस्टँडवर गेला. नागपूरची बस लागलेली. खिडकीशी उभा राहून त्यानं तोंड उघडलं. जे बोलायचं होतं ते बरेच दिवस आत होतं, पण बाहेर आलं ते रोजच्या सवयीचं.

"सीट बेल्ट लाव," तो म्हणाला.

त्या बसला सीट बेल्ट नव्हते. काही सीटनाही आधार नव्हता. आम्रपालीनं सीटच्या दोन्ही बाजूंना खरंच शोधून पाहिलं. "नाही हाय सर," ती म्हणाली, आणि बस निघाली.

ती गेल्यावरच्या पहिल्याच स्पर्धेत विवेक वळणावर आला आणि ब्रेक लागायची वाट पाहत राहिला. ब्रेक लागला नाही. गाडी सरळ गेली आणि मिलच्या मागच्या कोंड्याच्या डोंगरात घुसली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी लोक वळणाजवळ उभे न राहता थेट कोंड्याजवळच खुर्च्या टाकून बसले.

ब्रेक मारता येत नव्हता असं नाही. सोमवार ते शनिवार तो दुसरं काहीच करत नसे. पण ते डाव्या सीटवर. डावीकडे बसला की तो नुसता ब्रेक असायचा, उजवीकडे बसला की नुसता ॲक्सिलरेटर. दोन्ही मिळून एक पूर्ण ड्रायव्हर बालाघाटात अजून व्हायचा होता.

यंदा आम्रपाली येणार होती. वारासिवनीला मामेबहिणीचं लग्न होतं. तिची आई आता मुलाकडे नागपूरला राहायला गेली होती, बालाघाटची खोली सोडलेली. म्हणजे या लग्नानंतर तिला इकडे यायला कारण उरत नव्हतं. विवेकनं ठरवलं, या वेळी बोलायचं. वाक्य लहान होतं: नको जाऊ. पंधरा दिवस तो ते मनात घोकत होता. एकदा मोठ्यानं निघालं, तर शेजारी गाडी शिकत असलेल्या सरिताबाईंनी भर चौकात करकचून ब्रेक दाबला. "सर, कहाँ नहीं जाऊँ?" मागून तीन ऑटोवाल्यांनी त्यांना जागा सुचवल्या.

बोलायचं कुठं, हाही प्रश्न होता. लग्नाच्या मांडवात बोलणं म्हणजे तिच्या सगळ्या मावश्यांशी बोलणं. एकांत मिळेल अशी एकच जागा होती, स्पर्धेतली गाडी. काचा वर, ती डावीकडे, तो उजवीकडे. पूर्वीसारखं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती मिलवर आली. हातावर मेंदी, पायात रेसिंगचे पातळ तळव्याचे बूट.

"जय भीम सर."

"जय भीम. बारीक झाली तू."

"वजन कमी ठेवा लागते. एकेक किलो मोजतेत तिथं." मग तिनं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "गाडी मात्र तशीच हाय."

"क्लच प्लेट बदलली," विवेक म्हणाला. इतक्या वर्षांत सांगण्यासारखं दुसरं काही घडलं नव्हतं.

बंडोपंतांच्या आनंदाला सीमा नव्हती. आम्रपाली आता गाडी चालवून पोट भरत होती, म्हणजे व्यावसायिक. क्लबाच्या इतिहासात प्रथमच त्या गटात दोन स्पर्धक. "आज," ते माइकवर म्हणाले, "कुणीतरी हरणार आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विवेक तिच्याजवळ सरकला. "माझ्या टायमाले बस ना डावीकडे. पहिल्यासारखं."

आम्रपालीनं मान हलवली. "नाही सर. तुमी एकटे चालवा. मले पाह्याचं हाय."

तो एकटा बसला. शिट्टी झाली. पहिला ढीग सुंदर गेला, कारण तिथं ब्रेक लागत नाही. दुसऱ्यालाही नुसतं स्टिअरिंग पुरलं. तिसरा तीव्र. विवेकनं ठरवलं होतं, आज स्वतः दाबायचा. ती पाहते आहे, लाज राखायची. वळण आलं. पण तिच्याच वासाचा काहीतरी भास गाडीत झाला, मेंदीचा असेल, आणि त्याला क्षणभर खात्री वाटली की आता लागेल. तेवढा क्षण पुरला. कोंडा काचेवर भुरभुरला. खुर्चीवाले उठून उभे राहिले आणि जागा बरोबर निवडल्याबद्दल एकमेकांना शाबासकी देऊ लागले.

तुळसाबाई झाडू घेऊन आली. "कोंडाच हाय, धान नाही. ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "तिच्याकडं पाहून बोल ना बाबू एकदाचं. दरसाल माझा कोंडा काहून उडवतं?"

आम्रपालीची पाळी आली. ती उजवीकडे बसली, आरसे नीट केले आणि काच खाली करून हाक मारली, "सर, बसा डावीकडं."

"मी? काहून?"

"तिसऱ्या वळनाले डाव्या बाजूले वजन पाह्यजे. तुमी बरे हाय, सत्तर-बहात्तर किलो."

इतकी वर्षं वाट पाहून माणसाला बोलावणं आलं ते वजन म्हणून. विवेक लगेच बसला.

शिट्टी झाली आणि त्याला कळलं की ही गाडी त्यानं कधी पाहिलेलीच नाही. पहिला ढीग आला तसा गेला. दुसऱ्याला ताडपत्रीचं टोक फडफडलं, पण दाणा हलला नाही. त्याचे दोन्ही पाय डाव्या पॅडलवर होते. नोकरीच होती ती. तिसरा ढीग समोर आला आणि अंगातला सगळा मास्तर ओरडला, फार जोरात आहे, दाब. पाय पॅडलला टेकला. दाबला असता तर गाडी थांबली असती, वेळ गेला असता, ती हरली असती. आणि ती थांबली असती का, तर नाही, फक्त गाडी थांबली असती. विवेकनं पाय उचलून सीटवर घेतले आणि मांडी घातली. आम्रपालीनं नेमका हवा तिथं, डाव्या पायानं ब्रेक मारला. गाडी ढिगाभोवती अशी वळली, जणू ढीगच बाजूला सरकला.

शेवटची रेघ आली. ती थांबली नाही. बंडोपंत घड्याळ धरून उभे होते त्यांच्या बाजूनं गाडी गेली, मिलच्या फाटकातून बाहेर, रस्त्याला. "अहो, स्पर्धा आत आहे!" माइकवर ऐकू आलं.

"आम्रपाली, संपलं."

"माहीत हाय."

रेल्वे फाटक बंद होतं म्हणून ती थांबली. समोरून मँगनीजची मालगाडी चालली होती. मँगनीजच्या मालगाडीला घाई नसते.

"तिथं मले विचारतेत," आम्रपाली समोर पाहत म्हणाली, "का डाव्या पायानं ब्रेक माराले कोनं शिकवलं. बाकीच्याईले दोन-दोन साल लागतेत. मी म्हनते, आमच्या बालाघाटले असंच मारतेत." ती हसली. "पन तिथल्या गाडीत सीट एकच राह्यते सर. बाजूले कोनीच नाही. पहिले सहा महिने मी वळन आलं का तिकडं पाह्यची. कोन स्टिअरिंग फिरवते म्हनून."

डबे जात होते. विवेकनं तोंड उघडलं. सीट बेल्ट, आरसा, इंडिकेटर, सगळं जिभेवर येऊन गेलं. मग वाक्य आलं.

"नको जाऊ."

आम्रपालीनं हातावरची मेंदी स्टिअरिंगवर घासली.

"उद्याची गाडी हाय माझी," ती म्हणाली. "जाईन मी. पूर्ण सीजनचं ठरलं हाय. आन् मले जाचं हाय सर, खोटं काहून सांगू."

"हौ."

"पन हेच तवा बसस्टँडवर काहून नाही म्हटलं? मी सीटखाली पट्टा शोधून राह्यली होती, आन् वाट पाहून राह्यली होती."

"तवा म्हटलं असतं तं थांबली असती?"

तिनं विचार केला. प्रामाणिकपणे केला, ते चेहऱ्यावर दिसलं. "नाही," ती म्हणाली. "पन रडली तं असती. नागपूरपर्यंत मले रडाचं होतं. कारनच नव्हतं जवळ."

आणि आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं. समोरची वाहनं इकडे आली, मागची हॉर्न वाजवू लागली. आम्रपालीनं गाडी सुरू केली नाही. तिला पुढचं दिसतच नव्हतं.

मागच्या ऑटोतून एक माणूस उतरला, तावातावानं पुढं आला, आणि गाडीवरचं ड्रायव्हिंग स्कूलचं नाव वाचून एकदम मवाळ झाला. खिडकीशी वाकला.

"मॅडम, घबराइए मत. रोने की बात नहीं है. क्लच धीरे-धीरे छोड़िए, हो जाएगा."

"हौ भैया," आम्रपाली नाक पुसत म्हणाली, "सीख रही हूँ."

विवेकनं डावीकडची काच खाली केली, हात बाहेर काढला आणि मागच्या सगळ्या रांगेला, जरा थांबा, अशी खूण केली.