एकशे नव्वद पूल

मुलांनो, क्षणभर एक कपाट डोळ्यांसमोर आणा. इतकं ठासून भरलेलं, की दार उघडताना आधी पाय लावून उभं राहावं लागतं, नाहीतर सगळा पसारा अंगावर यायचा. आता त्याच कपाटात तुम्हाला एक जाडजूड रजई ठेवायची आहे. तीही आजच, पाच वाजायच्या आत. घरातलं मोठं माणूस म्हणतंय, "ती खालची पेटी टाकून दे की, झालं." पण त्या पेटीत काय आहे ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

आलं डोळ्यांसमोर? मग खारूताई त्या रविवारी दुपारी कॉम्प्युटरपुढे रडवेली होऊन का बसली होती, ते तुम्हाला कळेल.

खारूताई म्हणजे खरीखुरी खार नव्हे. अकरा वर्षांची मुलगी. संपलेली पेनं, जोडी हरवलेले मोजे, फुटलेल्या कपाचा कान, काही म्हणून ती टाकायची नाही. म्हणून दादाने ठेवलेलं हे नाव. आणि कपाट म्हणजे घरातला एकुलता एक कॉम्प्युटर.

तिची आई पुलांची तपासणी करायची. पुलाच्या अंगाखांद्यावरून उडतं यंत्र फिरवायचं, हजारो फोटो काढायचे, आणि मग एकेक फोटो मोठा करून कुठे तडा गेलाय का ते बघायचं. त्या दिवशी ती पहाटेच कामावर गेली होती. दुपारी आली, चिखलाचे बूट दारातच काढले, आणि फोटोंचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटरने लाल पट्टी दाखवली. जागा नाही.

"ऐंशी जीबी हवी आणि इथे मुंगीला पाय ठेवायला जागा नाही," आई म्हणाली. "काय भरलंयस यात?"

"मी? काही नाही."

"काही नाहीने एवढा डबा भरतो होय? तो तुमचा शहराचा गेम काढ आधी. सत्तर जीबी एकटा खातोय."

"आई, त्यात दादाचा पूल आहे!"

"माझा पूल खरा आहे, बाई. त्यावरून उद्या बस न्यायची की नाही, ते मला सकाळी लिहून द्यायचंय." मग तिचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, मी तासभर पडते. पाच वाजेपर्यंत तुझ्या हातात. पाचला जागा झाली नसेल तर मी बसेन. आणि मी पुसायला बसले की काय जातं नि काय राहतं, माझं मलाच कळत नाही."

"ठाऊक आहे. मागच्या वेळी स्वतःचाच पासपोर्ट पुसला होतास."

"तेच सांगतेय," म्हणत आई आत गेली.

खारूताईचा जीव टांगणीला लागला. दादा बोटीच्या इंजिनावर कामाला लागून सहा महिने उलटले होते. बोट बंदराला लागली तर फोन, नाहीतर काही नाही. जायच्या आधी दोन वर्षं दोघांनी मिळून त्या गेममध्ये एक शहर उभं केलं होतं. नदीच्या या काठाला खारूताईची वस्ती, त्या काठाला दादाची. शेवटच्या दिवशी दादाने आपल्या काठावरून निम्म्या नदीपर्यंत पूल आणून सोडला होता. म्हणाला होता, "उरलेला अर्धा तुझा. मी येईन तेव्हा मला पलीकडे चालत जायचंय." तो पूल अजून तसाच हवेत लटकत होता. आणि या गेमच्या सेव्ह गेमच्याच फोल्डरात राहायच्या. गेम उडवला की शहरही उडालं. सर्व्हरवर प्रत ठेवायची सोय होती, पण नेट कासवाच्या चालीचं म्हणून दादाने ती बंद करून ठेवली होती.

"काय गं, तोंड का एवढंसं झालंय?"

खिडकीपाशी मामाआजोबा बसले होते. ते आईचे मामा. पायाला प्लास्टर, आणि पाय स्टुलावर. बसच्या कारखान्यातल्या सुट्या भागांच्या गोदामात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. कॉम्प्युटर तापला की घरघरतो, यापलीकडे त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं.

खारूताईने सगळं सांगितलं. मामाआजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्याकडे रंगीत पेन्सिली आहेत?"

"आहेत. पण आता चित्र काढायचंय का?"

"अगं, गोदाम भरलं की आम्ही खडू घेऊन फिरायचो. तीन रंगांचे. जे पुन्हा मागवता येतं, त्यावर हिरवी रेघ. जे जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही, त्यावर लाल. आणि जे आपलं नाही, किंवा कुणाचं आहे तेच माहीत नाही, त्यावर पिवळी."

"पिवळं टाकून द्यायचं?"

"छे! पिवळ्याला हात लावायचा नाही. मालकाला विचारायचं. एका नव्या कारकुनाने एकदा पिवळी पेटी भंगारात दिली. आत मोठ्या साहेबांचे नवे दात होते."

खारूताईला हसू फुटलं. ती वही-पेन्सिल घेऊन बसली, आणि तिने जिथून गेम विकत घ्यायचे, उतरवायचे, चालवायचे, तो प्लॅटफॉर्म उघडला.

"मोठ्या पेट्या आधी," मामाआजोबा म्हणाले. "लहान खोकी उचलत बसलीस तर पाच वाजतील नि हाताला फक्त धूळ लागेल."

तिने यादी आकाराप्रमाणे लावली. सगळ्यात वर शहर. त्याखाली गाड्यांच्या शर्यतीचा गेम, चौतीस जीबी.

"हा कधी खेळला होता?"

"दोन वर्षांपूर्वी. दादा सारखा हरायचा, म्हणून रागाने बंद केला."

"पुन्हा मिळेल?"

"हो. एकदा घेतला की आपल्या नावावरच राहतो. हवा तेव्हा परत उतरवता येतो." ती थांबली. "म्हणजे हिरवा."

तिने फोल्डर शोधून उडवायला हात पुढे केला, तेवढ्यात मामाआजोबांनी काठी हलकेच खुर्चीवर टेकवली. "नोंद कोण करणार? माल मागच्या दाराने नेलास तर वहीत तो आहेच असं राहील."

खरंच होतं. फोल्डर असंच पुसलं की प्लॅटफॉर्मला वाटत राहतं, गेम अजून आहे. तिने प्लॅटफॉर्मलाच सांगितलं, हा काढ. चौतीस जीबी मोकळी झाली. मग तिला अर्ध्यावर सोडलेल्या डाउनलोडचा ढीग सापडला, नऊ जीबीचा. कुठल्याशा गेमची अर्धवट उतरलेली शकलं. तेही हिरवं. त्यासाठी प्लॅटफॉर्ममध्येच बटण होतं.

"चौतीस नि नऊ?"

"त्रेचाळीस."

"हवेत किती?"

"ऐंशी." खारूताईचा चेहरा पुन्हा उतरला. पुढचं फोल्डर दादाचं होतं, गेमसाठी त्याने स्वतः केलेल्या खिडक्या-दारांच्या चित्रांचं. तिने त्यावर पिवळी रेघ ओढली आणि हात मागे घेतला. सव्वाचार झाले होते. आता उरलं फक्त शहर.

तिने शहराचं फोल्डर उघडलं. आत दुसरं एक फोल्डर होतं. तिने ते घाईघाईने बंद केलं.

"काय होतं ते?" मामाआजोबांची नजर गोदामातली होती, म्हातारी असली तरी.

"सेव्ह. त्या लाल आहेत. सगळ्या लाल."

"सगळ्या म्हणजे किती?"

खारूताई पुटपुटली, "एकशे नव्वद."

मामाआजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एकशे नव्वद शहरं बांधलीत तुम्ही?"

"शहर एकच. रोज संध्याकाळी मी गेम उघडते. पूल बघते. आणि नवी सेव्ह करून ठेवते. पूल एक, पूल दोन, पूल तीन... म्हणजे काही झालंच तर..."

"आणि पूल एक नि पूल एकशे नव्वद, यांत फरक काय?"

तिने लाल पेन्सिल उचलली, परत खाली ठेवली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"काही नाही," ती शेवटी म्हणाली. "मी एकही तुळई घातली नाही. वाकडी गेली तर? दादाचा अर्धा किती सरळ आहे."

मामाआजोबा रागावले नाहीत. हसलेही नाहीत. "मी तरुण असताना," ते म्हणाले, "नव्या यंत्राच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली होती. हरवेल या धास्तीने मी तिच्या चौदा किल्ल्या करून घेतल्या. एक टोपीत, एक डब्यात, एक बुटात. आणि वर्षभर ते कपाट एकदाही उघडलं नाही. शेवटी साहेबांनी उघडलं, तर यंत्राला गंज."

"मग?"

"मग तेरा किल्ल्या परत केल्या, आणि यंत्र घासत बसलो. सेव्ह एक केवढ्याची?"

"चार सेव्हची एक जीबी."

"एकशे नव्वदला चार."

तिने वहीत भागाकार केला. "साडेसत्तेचाळीस! आजोबा, त्रेचाळीस नि साडेसत्तेचाळीस..." ती उभीच राहिली. "नव्वद होतात!"

मग तिने मन घट्ट केलं. सगळ्यात नवी ती ठेवायची, पूल एकशे नव्वद. ती तिने पेनड्राइव्हवरही टाकली. बाकी एकशे एकोणनव्वद निवडल्या आणि डिलीट दाबलं. लाल पट्टी जागची हलली नाही.

"गेल्या कुठे?"

"कचरापेटीत पडल्यात. पेटी रिकामी केली की जागा होते." तिचा हात बटणावर गेला.

"थांब. जुनं खोकं गाडीत चढवायच्या आधी ठेवलेलं खोकं उघडून बघायचं. माझी एवढी एकच शिस्त आहे, बाकी मी अगदी गबाळा."

खारूताईला घाई होती. पावणेपाच झाले होते. पण तिने गेम सुरू केला आणि पूल एकशे नव्वद उघडायला सांगितलं. पडदा काळा झाला, आणि त्यावर अक्षरं आली: ही फाइल अपुरी आहे, उघडता येत नाही.

तिने पुन्हा दाबलं. तेच. पेनड्राइव्हवरची बघितली. तीही तशीच, हिचीच नक्कल ती.

"काल..." ती पडद्याकडे बघत म्हणाली. "काल सेव्ह करताना एक चौकट आली होती. मी न वाचताच 'ठीक आहे' दाबलं."

"काल गोदाम भरलेलं होतं," मामाआजोबा हळूच म्हणाले. "अर्धा माल आत गेला, अर्धा दाराबाहेर राहिला. पेटी अजून रिकामी केली नाहीस ना?"

नव्हती केली. तिने कचरापेटी उघडली, पूल एकशे एकोणनव्वद शोधला आणि परत जागेवर ठेवला. गेम पुन्हा सुरू केला. चक्र फिरत राहिलं. मग नदी दिसली. मग दिवे, दादाची वस्ती, तिची वस्ती, आणि मधे हवेत लटकलेला तो अर्धा पूल. खारूताईने इतका मोठा श्वास सोडला, की वहीचं पान उडालं.

"आजोबा, म्हणजे मी जास्तीच्या ठेवल्या ते बरंच झालं की!"

"झालंच. दुसरी प्रत ठेवणारा शहाणाच. पण उघडून न बघता ठेवलेली प्रत म्हणजे नुसतं खोकं. आणि एकशे नव्वद खोकी म्हणजे तुझ्या आईला उभं राहायला जागा नाही."

तिने पूल एकशे एकोणनव्वदची सेव्ह पेनड्राइव्हवर घेतली, तिथूनही उघडून बघितली. सोबत 'पूल एक'सुद्धा परत काढला आणि ठेवला, कारण तो दादा गेला त्या संध्याकाळचा होता. मामाआजोबांनी त्याला हरकत घेतली नाही. बिघडलेला एकशे नव्वदावा तिने इतरांच्या जोडीला पाठवला. मग कचरापेटी रिकामी केली. लाल पट्टी आधी पिवळी, मग निळी झाली.

पाचला दोन मिनिटं असताना आई डोळे चोळत बाहेर आली. "काय ठरलं?"

"नव्वद जीबी," खारूताई म्हणाली. "तुझ्या ऐंशीला पुरेल आणि वर दहा."

"गेम काढलास?"

"नाही. खोकी काढली."

आईने मामांकडे बघितलं. "मामा, तुम्ही कॉम्प्युटर शिकलात कधी?"

"मी कुठला? मी नुसता बसलोय. पाय बघ माझा."

आईने कार्ड लावलं. फोटो सरसर आत येऊ लागले. "पाऊण तास लागेल म्हणतोय. तोवर मी चहा टाकते." ती जाता जाता थांबली. पडद्यावर अजून शहर उघडंच होतं. आईने खुर्चीच्या पाठीवर हात टेकून ते पहिल्यांदा नीट पाहिलं. कामाचा पूल बघते तसं, डोळे बारीक करून.

"दादाने काम चांगलं केलंय. पण पूल एका काठावरून कधी पुरा होत नाही. उद्या माझा बघायला येशील? त्याचीही एक तुळई जरा कललेली आहे. चाळीस वर्षं उभा आहे."

"कललेली? आणि तरी बस जाते?"

"अजून तडा दिसलेला नाही. आता हे फोटो बघून सांगते."

आई आत गेली. मामाआजोबांनी डोळे मिटले, झोपले की झोपल्याचं सोंग केलं कुणास ठाऊक. खारूताईने खुर्ची पुढे ओढली आणि नदीच्या आपल्या काठावर येऊन उभी राहिली. एक तुळई उचलली. ठेवली. ती थोडी तिरकी बसली.

तिने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि दुसरी उचलली.