मोठ्या कानांची निकेलं

तीनशे मैल गाडी हाकत मी बाबांना कोलंबसच्या नाणे-प्रदर्शनात घेऊन आले ती एवढ्यासाठीच, की नाणेतज्ज्ञ योकम यांच्या नव्या पुस्तकात त्यांचं नाव छापलं जावं. १९३०नंतरच्या महामंदीच्या दिवसांत बाबा मालगाड्यांतून भटकत. तेव्हाचे भटके निकेलवरच्या, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावरच्या, रेड इंडियनचा चेहरा चाकूने कोरून टोपीवाला, दाढीवाला करायचे आणि कुणाच्या मागच्या दारी जेवणाच्या बदल्यात द्यायचे. आता लोक ती नाणी काचेखाली ठेवतात. कोरणारा कोण ते माहीत नसलं की संग्राहक टोपणनाव देतात. मोठे कान काढणारा एक आहे, त्याला 'कानवाला' म्हणतात. बाबांच्या खणात तसलंच निकेल सापडलं आणि कानवाला म्हणजे बाबाच, असं मी ठरवूनच टाकलं. वर्षभर योकमना पत्रं लिहून त्यांचं डोकं खाल्लं.

योकमनी मोठ्या कानांची पाच निकेलं मांडली. "यातली तुमची कुठली, मिस्टर टॅकेट?"

बाबांनी भिंग धरून बराच वेळ लावला. मग सगळ्यांत ओबडधोबड निकेल पुढे सरकवलं. "हे. इथं चाकू घसरला होता."

"ते तर कुणीतरी केलेली कानवाल्याची नक्कल म्हणून मी मुद्दाम ठेवलंय," योकम हसले.

"बाबा, नीट बघा ना! ती चार?"

"बघितली. ती रूबेनची. मी त्याच्याकडेच शिकत होतो. खणातलंही त्याचंच."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं? पत्रंच धाडत सुटलीस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. योकमनी मात्र पेन उघडलं. "रूबेन कोण? आडनाव?"

"ठाऊक नाही. गाडीवर कुणी कुणाला आडनाव विचारत नसे."

"गाव?"

"तेही नाही. सिडेलियाच्या रेल्वे यार्डात डब्यांमध्ये चिरडून मेला. पुरला मीच."

योकमनी पेनला टोपण लावलं. "मग 'कानवाला'च राहू दे. नुसता रूबेन पुस्तकात कसा घेणार?"

"माझं आडनाव लावा त्याला," बाबा म्हणाले. "मला कुठं हवंय ते पुस्तकात?"

"असं चालत नाही हो. पुरावा लागतो."

वर्षभराची मेहनत पाण्यात गेली होती. बाबांना तिथेच टाकून निघून जावं इतका राग आला होता. त्यात हा माणूस पेन खिशात ठेवू लागला. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, टोपण उघडलं आणि परत त्याच्यासमोर आपटलं.

"लिहा," मी म्हटलं. "रूबेन टॅकेट."