काळ्या राजाच्या कडेची कवडी

मी कवडी बोलतेय. माझं कुणी ऐकलं नाही, त्याचं मला काही नाही. कवडीचं कोण ऐकतो? पण अक्काचं कुणी खरं मानलं नाही. चारचौघांत, तोंडावर हसले तिला. आणि ती शब्दन् शब्द खरं बोलत होती. पाच वर्षं झाली, मला अजून ते पचलेलं नाही.

माझा जन्म मालवणच्या समुद्रातला, एका खडकाच्या पोटाखालचा. आत मऊ जीव होता तोवर मी आपली चालत होते, खात होते. जीव गेला, कवच राहिलं. मग लाटांनी इकडून तिकडे ढकललं. १९९८ साली एका रापणीच्या जाळ्यात बांगड्यांबरोबर किनाऱ्याला आले.

मासे निवडताना अक्काने मला उचललं. अक्का म्हणजे बाजारात मासळी विकणारी बाई. दुसरी शिकलेली, नवरा गेलेला, आवाज असा की भाव करायला आलेलं गिऱ्हाईक अर्ध्या वाटेवरून परत फिरे. राहायची भावाकडे. भाऊ परशुराम मास्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना एकच नाद, बुद्धिबळाचा.

मास्तरांच्या लाकडी संचात एक काळं प्यादं नव्हतं. त्याच्या जागी ते सुपारी ठेवायचे. ती सुपारी एका पाहुण्याने डाव चालू असतानाच फोडून खाल्ली होती. अक्काने मला पदराच्या गाठीतून सोडून पटावर ठेवलं.

"घे भाऊ. ही कोण खावची नाय."

तेव्हापासून मी प्यादं. काळ्या राजाच्या बाजूला, कडेच्या हत्तीपुढे माझं घर. मास्तरांनी मला एकदाही कवडी म्हटलं नाही. मारलं तरी "प्यादं गेलं" म्हणायचे. मला बरं वाटायचं. समुद्रात मला कुणी नाव दिलं नव्हतं.

मास्तर कोडी रचायचे. दोन चालींत मात करा, अशी. त्यांची रीत वेगळी होती. चार सोंगट्या उचलून मनाला येईल तिथे मांडायच्या, हे त्यांना पटत नसे. आधी सगळा पट मांडायचा, पहिल्या चालीपासून दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत यायचं, आणि डाव कोड्यापाशी पोचला की थांबायचं. "कोडा डावातसून येवक होया," म्हणायचे. त्यामुळे काही कोड्यांत मी आधीच मेलेली असे आणि काहींत माझ्या घरी उभी.

२००५ साली तालुक्याच्या बुद्धिबळ मंडळाने मुलांच्या निवड चाचणीसाठी मास्तरांकडे तीस कोडी मागितली. अध्यक्ष भाई स्वतः आले. छत्र्यांचं दुकान चालवणारे, पांढरा शर्ट, बोलण्यात सतत "नियमाप्रमाणे". नियमाप्रमाणे कोडी कॉम्प्युटरवर तपासून हवी होती. आदल्या वर्षी एक कोडं चुकलं होतं नि पालक भांडायला आले होते.

मास्तरांना केवढा आनंद! आयुष्यभर रचलेली कोडी पहिल्यांदा घराबाहेर चालली होती. वय शहात्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कागदावरचं दिसत नसे, पण पट डोक्यात लख्ख.

तपासायचं काम विराजकडे आलं. मास्तरांचाच जुना विद्यार्थी, कसालला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. बुद्धिबळातलं त्याला घोडा अडीच घरं चालतो एवढंच ठाऊक. चार रविवार तो मोटरसायकलवरून आला. मास्तर पडवीत डाव खेळत कोड्यापर्यंत यायचे, "झाला, लिही" म्हणायचे. तोवर हा मान खाली घालून आधीचा कागद पुरा करत असायचा. मग पटावर एक नजर टाकून नव्या कागदावरच्या रिकाम्या चौकटीत सोंगट्या काढायचा.

पहिल्याच रविवारी अक्का बाजारातून येऊन पायरीवर पाय धूत होती. तिने त्याला सांगितलं, "बाबू, ती कवडी पण लिही हां."

"होय गो अक्का," तो हसला. आणि लिहिली नाही.

मुद्दाम नव्हे. त्याच्या क्लासातली मुलं बुद्धिबळ खेळताना पुढची चाल कुणाची हे विसरू नये म्हणून पटावर शर्टाचं बटण ठेवायची. त्याला वाटलं, मीही तसलीच खूण. विचारलं असतं तर एका शब्दाचं काम. शिकलेली माणसं विचारत नाहीत. त्यांना कमीपणा वाटतो.

पंधरा दिवसांनी तो कागदांचा गठ्ठा घेऊन आला. नऊ कागदांवर लाल फुल्या.

"मास्तर, इंजिनाक घातलंय सगळी. नऊ चुकली."

"इंजिन?" अक्का म्हणाली. "खंयच्या होडीचा?"

"तसला नाय गो. कॉम्प्युटरातला. एका दमात लाखभर चाली बघता." मग मास्तरांकडे वळून, "सात नंबर बघा. वजीर बळी दिलो, हत्तीन मागच्या ओळीर शह दिलो. पण मात नाय. राजा कडेच्या घरात पळता."

"कसो पळतलो? थंय प्यादा आसा."

"नाय मास्तर."

"आसा रे! राजापुढे तेचीच तीन प्यादी. तेंच्यामुळेच तर तो अडाकलोहा."

"दोनच आसत, मास्तर."

तिसरी मी होते. मी तिथेच, डब्यात, झाकणाखाली. ओरडायला तोंड नाही. विराजने मास्तरांच्या डोळ्यांतल्या पांढऱ्या सायीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "वयामुळे होता तसा."

हे वाक्य मास्तरांना लागलं. चूक झाली याचं दुःख नव्हतं, माणूस चुकतो. पण जे प्यादं त्यांना स्वच्छ दिसत होतं, ते नव्हतंच म्हणे. मग आणखी काय काय नाही? ते स्वतःची परीक्षा घेऊ लागले. पडवीत बसून एकोणतीसचा पाढा म्हणायचे. सत्तर सालच्या वर्गाची हजेरी घ्यायचे. जेवून हात धुतला की अक्काला विचारायचे, "मी आता जेवलंय मा?" पटाचा डबा त्यांनी खाटेखाली सारला. मी तिथे अंधारात पडून पाढे ऐकत होते.

अक्काने आठ दिवस सहन केलं. नवव्या दिवशी डबा ओढून काढला.

"भाऊ, सात नंबर मांड. माका बघूचा आसा."

"तुका काय कळता तेच्यातला?"

"कळाक नाय तर नाय. मांड तू."

मास्तर चाचपडत खेळत आले. डाव कोड्यापाशी थांबला. अक्काने लाल फुलीचा कागद पटाशेजारी ठेवला आणि मासे मोजावेत तशी बोट लावून मोजणी केली. तिला चाल कळत नव्हती, पण पट रोज तीच पुसायची, आम्हा सगळ्यांना तीच धुवायची. पटावर काळ्या राजापुढे दोन लाकडी आणि एक कवडी. कागदावर दोन. उरलेले आठ कागद तिने तसेच पुढच्या आठ दिवसांत भावाकडून मांडून घेतले. प्रत्येकात मी पटावर होते, कागदावर नव्हते.

"कवडीच नाय लिवल्यान मेल्यान!"

आणि कुणी विश्वास ठेवला नाही. पहिले मास्तरच. थकून म्हणाले, "रवांदे गो. मशीन खोटा कशाक बोलात?" विराजला फोन केला तर तो हसला, "अक्का, कॉम्प्युटरात कवड्ये नसतत." भाईंच्या दुकानात गेली तर ते गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "कवड्ये खेळाचे आसत तर घराक खेळ. हयसर नियमाप्रमाणे काम चलता." दुकान हसलं. दुसरी शिकलेली कोळीण कॉम्प्युटरची चूक काढते म्हणजे काय!

रविवारी मंडळाची सभा होती. भाईंनी जिल्ह्याच्या मंडळाला पत्र आधीच पाठवलं होतं: वयोमानामुळे श्री. परशुराम यांची कोडी भरवशाची राहिलेली नाहीत, सबब दुसरी घ्यावीत. सोबत विराजची सही, "संगणकावर तपासले". सभेत फक्त ठराव व्हायचा होता. टेबलावर विराजचा कॉम्प्युटर मांडलेला. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत, हात मांडीवर.

अक्का बाजारातून तशीच आली. डोक्यावर पाटी, पाटीत पटाचा डबा. भाईंनी नाकाला रुमाल लावला.

"नाक कित्याक धरतास, भाई? दुपारी खातास तेव्हा वास येना नाय?" तिने पाटी टेबलावरच ठेवली. "विराज, सात नंबर काढ."

"अक्का, सभा चालू आसा..."

"काढ म्हणतंय नाय!"

त्याने काढला. तिने मला डब्यातून उचललं नि कॉम्प्युटरच्या काचेवर, राजाच्या कडेच्या रिकाम्या घरावर टेकवलं. थंड काच होती. आत निळसर उजेड.

"हय प्यादा घाल. एकदाच घाल. नाय झाला तर मी परत तोंड उघडूचंय नाय."

विराजने घातलं. कॉम्प्युटरने डोळा मिटायच्या आत उत्तर दिलं: दोन चालींत मात. न सांगता त्याने पुढचा कागद घेतला, माझ्या घरी प्यादं घातलं. मात. पुढचा. मात. नऊच्या नऊ.

मास्तरांनी विचारलं, "काय झाला?"

"तुझा डोक्या बरा आसा," अक्का म्हणाली. "तां झाला."

मास्तर रडले नाहीत. फक्त मांडीवरचे हात उलटे करून तळव्यांकडे बघत राहिले, जणू काही परत मिळालं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पत्र जिल्ह्याला गेलेलं. दुरुस्तीचं पत्र पाठवायचं तर चूक कुणाची ते लिहायला हवं, नियमाप्रमाणे. विराज मान खाली घालून बसला. सही त्याची होती. क्लासला नवीन मुलं यायचे दिवस होते. भाई खाकरून म्हणाले, "मास्तरांनी कवडी वापरली हीच मूळ चूक. तसं लिहू."

"तसा लिवलास तर कोडी घेतीत?" अक्काने विचारलं.

घेणार नाहीत, हे सगळ्यांना कळलं. ज्याच्या संचात प्यादी पुरी नाहीत त्याची कोडी कोण घेईल?

अक्काने विराजकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. नाही बोलला.

"भाऊचा नाव घालूचा नाय," ती म्हणाली. "ह्या झिलाक तोंड नाय. माझा घाला. पट झाडताना बायेन प्यादा हलवल्यान म्हणान लिवा. माका खंय कसली परीक्षा देवची आसा?"

भाईंनी लगेच लिहायला घेतलं. कुणी नको म्हटलं नाही. विराजनेही नाही. जाताना तो तिच्या पाया पडायला वाकला, तर तिने पाटी मधे धरली.

चाचणी त्याच तीस कोड्यांवर झाली. मास्तर आणखी तीन वर्षं जगले, पाढे न म्हणता. ते गेल्यावर पट मंडळाला दिला. तिथे आता प्लॅस्टिकचा संच आहे, बत्तीसच्या बत्तीस, एकसारखे. मला अक्काने ठेवून घेतलं. मी तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत असते, त्या दुरुस्तीच्या पत्राच्या घडीत. पत्राची एक नक्कल पोस्टाने तिच्या पत्त्यावर आली होती. तिने वाचली नाही, पण फेकलीही नाही.

आता २०१० चाललंय. मी दमलेय. माझी एक बाजू झिजली, ठिपके गेले. मागणं मोठं नाही. कुणाचं लिहिलेलं तपासायला बसाल तेव्हा आधी त्याच्या घरचा पट बघा. समजलं नाही तर विचारा. पायरीवर पाय धुणाऱ्या बाईलाही विचारा. आणि चूक तुमची असेल तर तेवढं तोंडाने म्हणा. यंत्राला म्हणता येत नाही, कवडीला येत नाही, तुम्हाला येतं.

ते पत्र पाच वर्षं माझ्या अंगाभोवती आहे. वरचा मजकूर घडीत पुसट झालाय, टाइप केलेली शेवटची ओळ तेवढी ठळक. आयुष्यात तिचं नाव छापील कागदावर आलं ते एवढंच. चुकीस जबाबदार: श्रीमती सुभद्रा विठोबा मेतर.