सांदवाडीतला आग्या

माझ्या सांदवाडीत चोर शिरत होता, आणि तो काय चोरत होता हे सांगितलं तर तुम्ही हसाल. आग्या! ज्याचं पान नुसतं दंडाला घासलं तरी माणूस तासभर नाचतो, जो बांधावर दिसला की लोक विळ्याने छाटून लांब फेकतात, तोच आग्या. घरामागच्या या सांदवाडीत, तलावाच्या पारीला म्हणजे बांधाला लागून, मी त्याची रांग कुंपणासारखी राखली आहे. त्याच्यामुळे डुकरं आणि मोकाट गुरं माझ्या वाफ्यात तोंड घालत नाहीत. आणि त्याच्यावरच गावात माझं नाव चालतं.

लाखनीपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. फाट्यावर उतरून कोणालाही विचारा, आग्यावाली जनाबाई कुठे राहते. माणूस वाकडी वाट करून तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. ही विद्या माझ्या आईची. कोणाचे गुडघे धरले, कोणाची कंबर, कोणाचा खांदा वर जात नाही, त्याने रविवारी सकाळी यावं. मी कोवळ्या फांद्यांची जुडी करते आणि दुखऱ्या जागेवर हलके हलके मारते. आग होते, गांधी उठतात, भोवती लाली पसरते आणि त्या आगीपुढे जुनं दुखणं नरम पडतं. मग वरून मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल. शिवाय मुळाचा काढा मी तापावर देते, शेंडे उकळून पाणी फेकलं की लसूण घालून भाजी होते, दांड्यांच्या सालीचा दोर बैलाला तुटत नाही. एवढ्या गुणाच्या झाडाला लोक तण म्हणतात. म्हणोत बापडे, माझं काय जातं.

आईने एक नियम घालून दिला होता. रोगी तोंडाने ‘लागली’ म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही, आणि म्हणाला की पुढे एक फांदीही टेकवायची नाही. आग कुठवर पोचली हे मारणाऱ्याला कळत नाही, सोसणाऱ्याला कळतं. मी तीस वर्षांत हा नियम मोडला नाही.

तर पोळा झाला आणि माझ्या लक्षात आलं, की रांगेतले शेंडे कमी होत आहेत. रोज दोन, रोज तीन. विळ्याने कापलेले नव्हते, हाताने ओरबाडलेले होते. तिथेच माझं डोकं भणाणलं. आग्याला उघड्या हाताने धरायची एक रीत आहे. खालून वर, घट्ट मुठीत; भीत भीत धरलं की तो डसलाच. ही रीत मी आजवर एकाच बाईला दाखवली होती, ती म्हणजे समोरच्या घरातली मंदाबाई.

ही मंदाबाई दोन वर्षं दर रविवारी माझ्याजवळ बसायची, तेल कोमट करून द्यायची, गोड गोड बोलायची. मग तिची सून रिता आशाताई झाली आणि हिचं येणं बंद झालं. घरात सरकारी गोळ्यांची पेटी आल्यावर माझ्या पाल्याची काय गरज! गेल्या महिन्यात तर ती रिता रजिस्टर घेऊन माझ्याच अंगणात उभी राहिली.

“काकू, घरात कोनाच्या अंगावर चट्टा हाय काय? बधिर जागा? हातापायाले मुंग्या येते काय?”

आता माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मुंग्याच तर येतात. मी म्हटलं, वा गं पोरी! माझे रोगी माझ्याच ओट्यावरून मोजून न्यायला आलीस?

“आमच्या घरी कोनाले काई नाई,” मी तिला सांगितलं. “तू आपलं रजिस्टर घे अन् चालती हो.”

तेव्हा माझे मालक, घनश्याम, बाजेवर बसून बिडी ओढत होते. ते उठले आणि गोठ्याकडे गेले. बायकांच्या भांडणात ते कधी पडत नाहीत, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. पुढे शेंडे जायला लागले तेव्हा मी दोन आणि दोन चार केले. सून रोगी पळवणार, सासू औषध पळवणार, आणि येत्या उन्हाळ्यापर्यंत समोरच्या ओट्यावर नवी आग्यावाली बसणार. माझ्या आईची विद्या, आणि नाव मंदाबाईचं!

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, “दोन शेंड्यांसाठी कायले जीव जाळतं, जना? जाऊ दे नं.”

“तुमाले काहून एवढा पुळका येऊन राहिला तिचा?”

त्यांनी बिडी पेटवली. आणि खरं सांगते, साठीच्या त्या माणसाबद्दलही माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. शंका एकदा घरात शिरली की ती पाहुण्यासारखी ओटीवर थांबत नाही.

त्यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. नऊ महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मी म्हटलं वात आहे, आणि रविवारच्या रविवार औषध सुरू केलं. सगळ्यात आधी त्यांनाच बसवायची. नवखी माणसं भेदरलेली असतात. माझ्या घरचाच माणूस हात पुढे करतो म्हटल्यावर त्यांची भीती मोडते. मी चार-पाच वेळा फांदी टेकवली की मालक मोठ्याने ‘लागली!’ म्हणायचे, लोक हसायचे, मग पुढचा यायचा. त्यांच्या हातावर गांधी उठायच्या, पण भोवती लाली काही पसरायची नाही. उन्हात रापलेली कातडी, लाली दिसणार कुठून, असं मी मनाशी ठरवून मोकळी झाले होते.

चोर पकडायला मी एका संध्याकाळी रांगेच्या कडेने चुलीतली राख पसरून ठेवली. सकाळी पाहते तर राखेत पाऊल उमटलेलं. मोठं, पुरुषी, अनवाणी. मंदाबाईचं नक्कीच नव्हतं, पण तिला कुलदीप नावाचा धिप्पाड मुलगा आहे, रिताचा नवरा. म्हणजे अख्खं घरच कामाला लागलेलं! मी तशीच, केसही न विंचरता, त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“मंदे, भाईर ये! पोराले चोऱ्या करायले पाठवतं काय वो?”

आजूबाजूच्या चार घरांची माणसं बाहेर आली. मला तेच हवं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. मंदाबाई हात पुसत बाहेर आली आणि तिने माझं सगळं बोलणं संपू दिलं.

“झालं काय वो तुहं? दोन वर्सं मी तुह्याजवळ बसली,” ती म्हणाली. “तेल गरम केली, पोते हातरली. पण तुह्या आग्याले येकदा तरी हात लावला काय? आठव. मले तो सोसत नाई. येकदा पान लागलं होतं त माहा सारा हात सुजला होता, तूच तेल लावली होती. अन् कुलदीप आठ दिस झाले, भंडाऱ्याले कामावर हाय.”

मला आठवलं. तिने खरंच कधी हात लावला नव्हता. पण भरल्या गल्लीत माघार कोण घेणार? मी “पाहून घेईन” म्हणून परतले, आणि दिवसभर एकच विचार करत राहिले. मंदाबाई नाही, कुलदीप नाही, मग आग्याला न भिणारा हा कोण?

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गोठ्याच्या कुडाआड जाऊन बसले. धुकं तलावावरून नुकतं उठत होतं. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि मालक आले. मी हाक मारणार होते, की इकडे येऊ नका, चोर सावध होईल. पण ते सरळ रांगेपाशी गेले, उजव्या हाताने एक शेंडा धरला आणि ओरबाडला. खालून वर नाही. वरून खाली, उलटा. तसा आग्या मीसुद्धा धरू शकत नाही.

मग त्यांनी तो पाला डाव्या हातात, धोतराच्या सोग्यात धरून उजव्या हाताच्या पाठीवर घासला. थांबले. पुन्हा घासला. मनगटापासून करंगळीपर्यंत, भांडं घासावं तसा. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. दवाने भिजलेला, कोवळा, सगळ्यात तिखट पाला होता तो. शेवटी त्यांनी तो खाली टाकला आणि दुसरा शेंडा ओरबाडला.

“अवो!” मी ओरडले.

त्यांनी दचकून हात मागे लपवला. मी तो ओढून पुढे घेतला. दोन बोटांच्या मधे बिडीने भाजलेला फोड होता, फुटून ओला झालेला.

“हे कवा भाजलं?”

त्यांनी फोडाकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कोणाचा हात आहे. “माईत नाई,” ते म्हणाले.

“अन् आग्या? कवापासून लागत नाई?”

त्यांनी हात सोडवून घेतला. मग म्हणाले, “संक्रांतीपासून.”

“मंग दर रविवारी बोंबलत होते थे?”

“समोर लोक बसून राहते, जना. लाखनीचे, साकोलीचे. आग्यावालीच्या घरवाल्यालेच आग्या लागत नाई म्हणलं असतं त तुही काय इज्जत राहिली असती? अन् तू त थांबलीच नसती. मारतच राहिली असती.” त्यांनी खाली पडलेल्या पाल्याकडे पाहिलं. “मले वाटे, येकांद्या दिवशी लागन. ताजा ताजा लावून पाहो.”

मी मनाशी हिशोब केला. नऊ महिने. आठवड्याला एक म्हटलं तरी किती रविवार होतात! सोसणारा खोटं बोलत होता आणि मी, जिला आपल्या हाताखालच्या कातडीचं सगळं कळतं अशी घमेंड, त्याच्या शब्दावर हात थांबवत होते. लाली पसरत नव्हती हे डोळ्यांनी पाहत होते. रजिस्टर घेऊन अंगणात आलेल्या पोरीने नेमकं हेच विचारलं होतं, आणि मी तिला हाकलून दिलं. मंदाबाईने माझं काय चोरलं होतं? काहीच नाही. माझ्याच घरातलं जात होतं आणि राखण मी भलत्याच दाराची करत होते. मला इतकी लाज वाटली, की वाटलं, ती सगळी रांग मुठीने उपटावी.

उपटली नाही. मी तोंड धुतलं, धड लुगडं नेसलं आणि समोरच्या दारात गेले. कालच्याच चार घरांची माणसं पुन्हा पाहायला उभी राहिली. मंदाबाई अंगण झाडत होती.

“चोर सापडला,” मी म्हटलं. “आमचे मालकच होते. माही चूक झाली, मंदा. रिता घरी हाय काय? त्याईच्या हाताले समजून नाई राहिलं.”

मंदाबाईने झाडू भिंतीला टेकवला. मला दोन शब्द ऐकवायचा तिला पूर्ण हक्क होता. तिने आत तोंड करून हाक मारली, “रिता, चहा राहू दे. पिशवी घे अन् काकूसंगं जाय.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती, रिताहून थोडी मोठी. तिने मालकांना टेबलावर हात ठेवायला सांगितला आणि म्हणाली, “बाबा, डोळे मिटा. मी पेनाचं टोक लावते. जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवा.”

तिने कोपराजवळ टोक लावलं. त्यांनी बरोबर दाखवलं. मनगटावर लावलं, बरोबर दाखवलं. हाताच्या पाठीवर, करंगळीच्या मुळाशी, तेही बरोबर. डॉक्टरीणबाईच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. पण मी त्या माणसाच्या पापण्या चाळीस वर्षं जवळून पाहिल्या आहेत. त्या पूर्ण मिटलेल्या नव्हत्या, थरथरत होत्या.

मी मागे जाऊन उभी राहिले आणि माझा तळवा त्यांच्या डोळ्यांवर घट्ट धरला.

“आता लावा, बाई,” मी म्हटलं.

तिने करंगळीच्या मुळाशी टोक लावलं. मालक वाट पाहत बसले. तिने हाताच्या पाठीवर लावलं, बोटांवर लावलं, थोडं दाबून लावलं. त्यांचं डावं बोट हवेत तसंच राहिलं. कुठे टेकवावं ते त्यांना कळेना. माझा तळवा ओला झाला. मी तो काढला नाही.

“कुष्ठरोग आहे, गोळ्यांनी बरा होतो,” डॉक्टरीणबाई नंतर म्हणाली. “गोळ्या फुकट आहेत, रोज घ्यायच्या, मधे सोडायच्या नाहीत. पण हाताची गेलेली जाण किती परत येईल ते आज सांगता येत नाही. लवकर आले असते तर जास्त आशा होती.” मग ती रिताला म्हणाली, “यांची माहिती भरून घे.”

रिताने बाकावर बसून फॉर्म उघडला. “किती दिवस झाले, काका?”

“झाले पंधरा-वीस दिवस,” मालक म्हणाले.

“नऊ महिने,” मी म्हटलं.

रिताने नऊ महिने लिहिलं. “याच्या आधी कोनाचा इलाज चालू होता?”

“कोनाचाच नाई,” मालक घाईघाईने म्हणाले. शेजारच्या बाकावर आमच्याच गावचा तुलाराम पाय लांब करून बसला होता. दर रविवारी माझ्याकडून गुडघे झोडून घेणारा. तो मान वळवून ऐकायला लागला.

“माहा इलाज चालू होता,” मी म्हटलं.

रिताचा पेन थांबला. ती हळूच म्हणाली, “काकू, हा रकाना रिकामा ठेवला तरी चालते.”

मालकांनी बाकाखालून माझं लुगडं ओढलं, डाव्या हाताने.

“लिही,” मी म्हटलं. “जनाबाई घनश्याम कापगते. पूर्ण नाव लिही.”