तारेचा वळ

बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे बूटकाकांना आठवलं ते नेमकं दोन्ही हात मातीने भरलेले असताना. आठवलं तरी कसं म्हणायचं? पत्र समोरच होतं, चष्म्याच्या डबीखाली. उन्हाळाभर तिथेच होतं.

'दादा,' तिने लिहिलं होतं, 'पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसता हं हं करतोस. घर विकलं. थंडी पडायच्या आत तुझ्याकडे येईन, नाहीतर वृद्धाश्रमात जागा धरून ठेवलीय, तिथे जाईन. येऊ का? अट एकच. माझ्या पायाकडे बघायचं नाही.'

तिथेच घोडं अडलं होतं.

काकांचा सगळा जन्म इस्पितळाच्या कारखान्यात गेला. अधू पायांच्या मुलांसाठी लोखंडी पट्ट्यांचे बूट करायचे, म्हणून बूटकाका. पहिला बूट त्यांनी धाकट्या बहिणीसाठीच केला होता. माणूस समोर आला की त्यांची नजर आधी पायांवर जायची, चेहरा मागाहून. न बघण्याचं वचन द्यायचं कुणाच्या भरवशावर?

म्हणून ते पत्र सोडून रोपाकडे वळले. बोनसाय करायला आणलेलं फायकसचं कोवळं रोप, पेन्सिलीएवढं खोड. प्लास्टिकच्या कुंडीत मुळं गोल गोल फिरून एकमेकांच्या गळ्यात पडली होती. काकांनी ती जुन्या काट्याने विंचरली, खालची जाडजूड कापून टाकली. कापल्या जागी पांढरा चीक आला. मग उथळ तबकाच्या भोकांवर जाळी, जाळीवर भरड माती, मातीत रोप. शेवटी खोडाला तार गुंडाळून त्यांनी ते सावकाश खिडकीकडे वाकवलं. आयुष्यभर वाकडं सरळ केलं, म्हातारपणी सरळ वाकडं करतोय, असं मनाशी म्हणून ते एकटेच हसले.

रोपवाटिकेतल्या बाईने बजावलं होतं, "काका, तार रोज बघत जा. खोड जाड होतं, तार काही सैल होत नाही. रुतली की वळ जन्माचा."

"बांधण्यातलं मला सांगू नका," काका म्हणाले होते.

"बांधता सगळ्यांनाच येतं हो," बाई म्हणाली होती.

टेबलाच्या एका अंगाला खिडकी होती, दुसऱ्या अंगाला धाकटीच्या खोलीचं बंद दार. रोपाने आधी पानं गाळली, मग नवी फुटली. आणि एका सकाळी पाणी घालताना काकांच्या लक्षात आलं, की शेंडा खिडकीकडे नाही, दाराकडे वळलाय.

त्यांनी तबक फिरवून ठेवलं. आठवडा सरला नाही तोच शेंडा पुन्हा दाराकडे. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. भर उन्हाकडे पाठ करून ते झाड दाराखालच्या काळ्या फटीकडे मान लांबवत होतं, दारामागून कुणी हाक मारावी आणि नीट ऐकू येऊ नये, तसं. पिकलेलं एखादं पान गळायचं, तेही उंबरठ्याशी सापडायचं. वारा तर नव्हता. काका जेवायला बसताना दाराकडे पाठ करून बसू लागले, आणि मग पाठीला काहीतरी जाणवतंय म्हणून उठून स्वयंपाकघरात जाऊ लागले.

शेवटी ते रोपवाटिकेत गेले.

"झाड अंधाराकडे जातं का हो कधी?"

बाई कुंड्या हलवत होती. "झाड कशाला जाईल? ते काय पोटासाठी नोकरी करतंय, नको तिथे जायला?"

"माझं जातंय. बंद खोलीकडे."

बाईने हात पुसले, त्यांच्याकडे नीट पाहिलं. "खोलीत काय आहे?"

"काही नाही. बहिणीची होती."

"मग उघडून बघा ना. झाडाला काय विचारायचं?"

त्याच दुपारी काकांनी कडी काढली. कोंदट वास आला. पलंग, रिकामं कपाट, आणि कोपऱ्यात धाकटीचा शेवटचा बूट, दाराकडे तोंड करून उभा. डॉक्टरांनी आता काढा म्हटल्यावरही पडेल, पडेल म्हणून काकांनी तो तिच्या पायात ठेवला होता, पार ती सोळा वर्षांची होईपर्यंत. एक दिवस तिने तो स्वतःच उपसून कोपऱ्यात आदळला, लंगडत बाहेर पडली आणि शिकायला म्हणून मावशीकडे गेली ती गेलीच. तेव्हा त्याचे चामडी पट्टे सुटून लोंबत होते. हे काकांना पक्कं आठवत होतं.

आता ते बांधलेले होते. तिन्ही पट्टे, शेवटच्या भोकात, पोकळीभोवती करकचून, आत पाय असल्यासारखे. शेवटचं भोक. तिला आवळायचं आणि ती म्हणायची, "दादा, रुततंय," आणि हा दादा म्हणायचा, "होईल सवय."

आपणच कधीतरी आवरताना बांधले असतील, काका स्वतःला म्हणाले. पण आठवेना. बकल गंजून गच्च झाले होते. काकांनी एकेक पट्टा सोडवला. तिसरा सुटला तेव्हा जुन्या चामड्याने उसासा टाकल्यासारखा आवाज केला.

मग त्यांना तार आठवली. ते टेबलाशी आले, चष्मा लावला. झाड कुठे बघतंय एवढंच ते इतके दिवस बघत राहिले होते, तार कुणी पाहिली होती? खोड तिच्याभोवती फुगलं होतं. ती उलगडायला गेलं असतं तर सालच आली असती. त्यांनी कारखान्यातली चिमट्यासारखी कात्री काढली आणि एकेक वेढा जागच्या जागी कापला. तरी एका ठिकाणी साल दुखावली. चीक ओघळून बोटांवर आला. खोडावर तिरका खोल वळ राहिला, धाकटीच्या गुडघ्याखाली होता तसाच.

हात न धुताच त्यांनी कागद घेतला.

'ये. खोली उघडलीय. पायाकडे बघणार नाही. सवय जुनी आहे, नजर गेलीच तर ओरड. दादा.'

थंडी तोंडावर आली होती. ती वृद्धाश्रमात गेलीही असेल, पत्र रिकाम्या घराच्या दारात पडेल, असं वाटेत दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा पाय थांबले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सरकवलं. बोटांवरचा चीक अजून वाळला नव्हता. पाकीट बोटांना चिकटून राहिलं, कुणी आतून-बाहेरून दोन्हीकडून धरल्यासारखं.

काकांनी ओढलं नाही. बोटं तेवढी सैल केली.

आत, खाली, ते पडल्याचा आवाज आला.