बादलीतला प्लाझ्मा

मी प्लाझ्मा बोलतोय, रक्तातला पिवळसर, पाण्यासारखा भाग. पण बोलायला सवड कुठे आहे? मला पिशवीसकट बादलीत बुडवलंय आणि शेजारी स्ट्रेचरवर जवान देवदत्तचं रक्त थांबत नाहीये!

जन्म माझा लालबागचा. मंडळाच्या रक्तदान शिबिरात कमलाकांतकाकांनी रक्त दिलं. त्यांचा गट एबी. "आमचं रक्त कोण विचारतंय!" असं म्हणत त्यांनी दोन बिस्किटं जास्तीची उचलली. अहो काका, तुमचा प्लाझ्मा कुठल्याही गटाला चालतो! पण सांगणार कसं? मला तांबड्या पेशींपासून वेगळं काढलं, पिशवीत भरलं आणि गोठवलं. महिनोन्महिने दगडासारखा पडून होतो. जीव नुसता उबगला.

मग लष्कराने मागवलं. वडाळ्याच्या मिठागरांजवळ जवानांचा पूल बांधायचा सराव होता, तिथल्या दवाखान्याच्या तंबूत बर्फाच्या पेटीतून आलो. आज सकाळी लोखंडी तुळई घसरली ती थेट देवदत्तच्या मांडीवर. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं तर आधी रक्त आवरायला हवं. नेमका जनरेटर गेला आणि मला वितळवायचं मशीन बंद पडलं. घ्या!

देवदत्तचा दोस्त राहुल लंगरमधून, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातून, उकळतं पाणी घेऊन धावत आला. "मॅडम, टाकू यात? पटकन वितळेल!"

"अरे थांब! अंडं उकडायचंय का?" सिस्टर मानसी ओरडली. परळच्या चाळीत वाढलेली ती. "वाया जाईल तो. आधी विसण घाल, बाळाच्या आंघोळीला घालतात तसं."

राहुलने गार पाणी ओतलं. मानसीने सवयीने कोपर बुडवून पाहिलं, मग थर्मामीटर. कोमट झाल्यावर मला आणखी एका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत सोडलं. राहुल पिशवी हलवत बसलाय.

"झालं का?" जखम दाबून धरलेले डॉक्टर, कॅप्टन अभय, सारखे विचारतायत.

"होतंय सर."

अरे, मलाही घाई आहे! कडेने पाणी झालोय, पण मधला गोळा काही सुटत नाही. देवदत्तचे ओठ पांढरे पडत चाललेत. सुट ना रे बाबा, सुट!

सुटला! मानसीने पिशवी पुसली, टांगली. आता नळीतून देवदत्तच्या शिरेत उतरतोय मी. राहुल त्याचा तळवा चोळतोय. "देवा, ऐकतोयस ना रे?"

देवदत्ता, डोळे मिटू नकोस. रक्त गोठायला जे लागतं ते घेऊन आलोय मी. जखमेच्या तोंडाशी आता मी राहतो. तू घरी जा.