आठ इंचांतली कोकिळा

"काका, खोक्यावरची बॅटरी नका सांगू. खरी किती चालते ते सांगा."

बाजारात वांगी पारखावीत तसा नववीतल्या ममताने तो लहानसा टॅबलेट उलटापालटा केला. आवाज वाढवून पाहिला, कॅमेऱ्यासमोर जीभ काढून पाहिली, बोट फिरवताना अडकतो का तेही पाहिलं.

"स्वस्तातला हाय, पण गुणाचा हाय," दिग्रसचा दुकानदार रामलाल म्हणाला. "पोरीले वकील करा, माय."

हे मैनाबाईला उद्देशून होतं. पण ममताच्या या नानीला ऐकू कमी येई, आणि ती ओढणीच्या टोकाची गाठ सोडून मेमरी कार्ड काढण्यात गुंतली होती.

"अभ्यासाचं तू पाह्य," नानी म्हणाली. "मले नुसतं कोकिळेचं तोंड मोठं दिसलं पाह्यजे."

कोकिळा म्हणजे ममताची आई. ममता चार महिन्यांची असताना गेली. त्यांच्या बंजारा तांड्यावर आधारकार्ड यायच्याही आधी, त्यामुळे घरात तिचा एक फोटो नाही. होता तो कुणीतरी साध्या मोबाईलवर काढलेला लग्नाचा व्हिडिओ, आगपेटीएवढा. त्यात आईचं तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

कार्ड घातलं. लांबलचक हुंदक्यांनी दुकान भरून गेलं. रामलालने आवाज खाली आणला.

"मयत कोणाची?"

"मयत नाही जी, लग्न हाय," ममता हसली. "आमच्यात नवरी सासरी जाताना रडत रडत गाते. ढावलो म्हणतात त्याले."

घुंगटातल्या कोकिळेने एकदाच मान वर केली. ममताने नेमकं तिथेच थांबवलं आणि दोन बोटांनी ताणलं.

तोंड मोठं झालं, आणि मोडलं. नाक गेलं. डोळ्यांच्या जागी दोन करडे चौकोन उरले.

"दुसरा दाखवा. भारीतला."

"कोणताही घे बेटा, असाच दिसन. व्हिडिओच बारका हाय. त्यात जे आलंच नाही, ते टॅब कुठून आणन?"

ममताकडे सगळ्याचं उत्तर असायचं. आता नानीच्या कानाशी लागून हे सांगायचं होतं.

नानी काचेवर वाकली होती. "लय धूळ बसली पोरी," म्हणत तिने ओढणीने काच पुसायला घेतली. आधी गाल, मग हळूच कपाळ.

ममताने टॅबलेट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, नानीला नीट पुसता यावं म्हणून.